सुभेदाराच्या कोठीतला घट

राजूरचे सर्जेराव पलटणीत कधीच सुभेदार नव्हते. ते मेसमध्ये वाढपी होते. साहेब लोक जेवायला बसले की पांढरे हातमोजे घालून त्यांच्या पाठीमागं उभं राहायचं, रिकामा ग्लास भरायचा आणि भरलेल्या ग्लासाकडे बघायचं नाही, एवढंच त्यांचं काम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घालवली. पेन्शन घेऊन गावी उतरले तेव्हा बसस्टँडवर कुणीतरी गमतीनं "राम राम, सुभेदार" असं म्हटलं. गंमत करणारा ती गंमत दुसऱ्या दिवशी विसरला. सर्जेरावांनी मात्र ती मनावर घेतली, मिशीला पीळ दिला आणि पुढं गावानंही तेच नाव चालू ठेवलं.

माणूस तसा वाईट नव्हता. शेत बटईनं दिलेलं, पेन्शन दर महिन्याला येणारी, आणि देवळासमोरच्या हॉटेलात बसून जगाला शहाणपण शिकवायला दिवसभर मोकळे. मिलिटरीत चहा कसा पितात, मिलिटरीत बूट कसे ठेवतात, मिलिटरीत माणसं जांभई देतानासुद्धा कशी ताठ बसतात, हे राजूरच्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं. पण सुभेदारांचा खरा आवडता विषय बियर हा होता. हातभट्टीचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. "ती गावंढळ माणसाची दारू. नाल्यात पडायची. बियर म्हंजी तशी न्हाई. बियर पिऊन माणूस इंग्रजी बोलतो." स्वतः सुभेदार बियर पिऊन किती इंग्रजी बोलले होते, ते विचारायची सोय नव्हती. साहेबांच्या ग्लासांच्या बुडाशी उरलेलं काय ते त्यांच्या वाट्याला आलेलं, आणि ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

हातभट्टीवर इतकं तोंडसुख घेणारा माणूस ग्रामपंचायतीला आयताच सापडला. त्या साली दिल्लीत नवं सरकार आलं होतं आणि दारूबंदीचं वारं पुन्हा सुटलं होतं. गावात दारूबंदी समिती स्थापन करायचा हुकूम आला. कुणाला अध्यक्ष करावं, असा प्रश्नच पडला नाही. सर्जेराव सुभेदार अध्यक्ष झाले, गळ्यात हार पडला, आणि त्यांनी भाषण केलं की दारू माणसाला जनावर करते. हे भाषण करताना त्यांच्या डोक्यात फक्त हातभट्टी होती. बियर त्यांच्या हिशेबी दारूत मोडतच नव्हती.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, उषा. तिच्यावर त्यांचा फार जीव. पलटणीतून रजेवर आले की तिच्यासाठी मेसमधल्या बिस्किटांचे रिकामे डबे आणायचे आणि ती त्यात सागरगोटे ठेवायची. तिला त्यांनी जालन्याला दिली, मच्छिंद्राला. मच्छिंद्र बियाण्याच्या कारखान्यात कामाला होता. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी, तोंडानं गरीब. खोट एकच, की तो हंगामी होता. हंगाम संपला की कारखाना त्याला घरी बसवायचा, खोलीचं भाडं अंगावर यायचं, आणि उषा ट्रंक घेऊन राजूरला यायची. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, माहेरपणाला आली. दुसऱ्या वर्षीही म्हणाले. तिसऱ्या वर्षी कुणी काही म्हणेना, नुसती ट्रंकेकडे बघायचे. यंदा हंगाम चालू होता, पण तिला सातवा महिना लागला म्हणून बाळंतपणासाठी ती पुन्हा राजूरला आली होती. मच्छिंद्र परमनंट झाला तर बाळ आपल्या बापाच्या घरी वाढणार होतं, नाही तर त्याचीही ट्रंक दरसाल राजूरला येणार होती.

श्रावणात सुभेदार जावयाबरोबर कारखाना बघायला गेले. मॅनेजरसाहेब मोकळ्या स्वभावाचे होते. बोलता बोलता त्यांनी कुरकुर केली, की आता परवान्याची कटकट फार वाढली, संध्याकाळी एक ग्लास थंड बियर मिळायची मारामार झाली आहे. झालं! सुभेदारांची छाती फुगली. "साहेब, त्यात काय? मिलिटरीची बियर घरी करून पाजतो तुम्हाला. धान भिजवण्यापासून समदं मला ठावं हाय." साहेब हसले. म्हणाले, "बघू बघू. दसऱ्याला राजूरच्या गणपतीला येणारच आहे." आणि मग दुसऱ्याच कागदाकडे बघत म्हणाले, "तुमच्या जावयाचं नाव यंदा वर पाठवावं म्हणतोय."

ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. सुभेदारांनी तो लावला. परतीच्या बसमध्ये त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मच्छिंद्रराव, तुम्ही परमनंट झाले समजा."

आता बियर करायची म्हणजे आधी धान्याला मोड आणायचे, एवढं त्यांना खरोखरच माहीत होतं. मेसमध्ये एक मेजर होते, त्यांच्या कुणा नातलगाचा डोंगरात बियरचा कारखाना होता. ते जेवताना सगळी कृती सांगायचे आणि सुभेदार पाठीमागं ट्रे धरून ऐकायचे. सातू भिजवायचे, पाणी बदलायचं, ओल्या गोणपाटावर अंधारात पसरायचे, मुळ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून हातानं वरखाली करायचे. मोड दाण्याएवढा झाला, की त्याच दिवशी थांबवायचं. उन्हात वाळवायचं, मंद आचेवर भाजायचं, मुळ्या चोळून टाकायच्या, मग जाडसर भरडायचं. मोड थांबवायला उशीर झाला तर धान्यातली सगळी गोडी कोंब खाऊन टाकतो आणि हाती गवत राहतं. इथपर्यंतचं सुभेदारांना नीट आठवत होतं. पुढचं ऐकायच्या वेळी त्यांना बहुधा पुडिंग आणायला आत पाठवलं जायचं. त्यामुळे पुढचं त्यांनी स्वतःच ठरवलं. कडूपणासाठी काडेचिराईत, आंबवायला जालन्याच्या बेकरीतलं खमीर, आणि सातू मिळाले नाहीत म्हणून ज्वारी.

भाद्रपदात पहिला प्रयत्न झाला. कोठीची खोली म्हणजे घराच्या मागच्या अंगाची, बिनखिडकीची, धान्याच्या कणग्या ठेवायची खोली. तिथं त्यांनी घरचीच ज्वारी भिजवून पसरली. घरच्या ज्वारीला सोंडे लागलेले. निम्मी उगवली, निम्मीला बुरशी आली आणि घरभर असा वास सुटला की मालनबाईंनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोनं, पदर नाकाला लावूनच भाकरी थापल्या.

"अहो, हे काय करून राह्यले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"उषाच्या नवऱ्याची नोकरी पक्की करून राह्यलो," सुभेदार म्हणाले.

मालनबाई कमी बोलायच्या. नवऱ्याच्या मिलिटरीच्या गोष्टी त्यांनी आजवर जितक्या वेळा ऐकल्या होत्या, तितक्या वेळा कुणी ओवी ऐकली तर पुण्य लागलं असतं. त्यांनी नासलेली ज्वारी उकिरड्यावर नेऊन टाकली आणि खोली शेणानं सारवून घेतली. नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. सुभेदारांना वाटलं, बायकोला पटलं.

झाल्या प्रकारानं सुभेदार खचले नाहीत. धान्यात खोट आहे, आपल्यात नाही, असं त्यांनी एका क्षणात ठरवलं. त्यांनी जावयाला बोलावून घेतलं.

"एक न एक दाणा उगवला पाहिजे, असं बी पाहिजे मला."

मच्छिंद्र बिचारा अभिमानानं म्हणाला, "मामा, तसं बी आमच्या कारखान्यातच भेटंल. दर गोणीतलं बी मोजून उगवून बघतेत. एक मूळ बियाणं हाय आतल्या गोदामात, त्याच्यापासून पुढचं संकरित बी तयार होतं. ते तर बिलकुल वाया जात न्हाई. पण ते कुलपात असतंय."

"किल्ली कुणाकडं असतीय?"

"झाडायला जातो तवा माझ्याकडंच असतीय."

"मंग साहेबांचंच बी, साहेबांच्याच पोटात जाणार. ह्याच्यात चोरी कुठं आली?"

मच्छिंद्राला हे पटलं नव्हतं. पण सासऱ्यापुढं नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, आणि परमनंट हा शब्द असा आहे की तो ऐकल्यावर माणसाचं डोकं चालेनासं होतं. औषध चोळायच्या आधीचं ते बियाणं त्यानं जेवणाच्या डब्यातून थोडं थोडं करून आणलं. त्या दिवसांत दुपारी तो जेवला काय आणि कशात, हे उषानं विचारलं तेव्हा तो खाली मान घालून डबा घासायला लागला.

सर्वपित्रीला सुभेदारांनी ते बी भिजवलं आणि घटस्थापनेच्या दिवशी गोणपाटावर पसरलं. त्यांचा हिशेब साधा होता. तिसऱ्या माळेपर्यंत मोड येतील, पाचव्या माळेपर्यंत वाळून भाजून होईल, आणि दसऱ्यापर्यंत आंबेल. मेजर म्हणायचे, पंधरा दिवस मुरू द्यावी. पण ते डोंगरातलं. मराठवाड्याच्या उन्हात तिला मुरायला इतके दिवस कशाला लागतील?

बी मात्र खरंच अव्वल होतं. तिसऱ्या माळेच्या सकाळी सुभेदारांनी गोणपाट उचललं आणि त्यांना भरून आलं. एक दाणा मागं नव्हता. सगळे कोंब एका उंचीचे, कवायतीला उभे राहिल्यासारखे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी जांभळी कड. आजच वाळवायला काढायचं, असं ठरवून ते ताडपत्री आणायला शेजारी गेले. खोलीचं दार उघडं राहिलं.

त्या साली गल्लीतले घट काही धड आले नव्हते. कुणाच्या घटाला मुंग्या लागल्या, कुणाचं धान पिवळं पडलं. घटातलं धान जसं येईल तसं पुढचं पीक, हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत. त्यामुळे बाया जरा धास्तावलेल्या होत्या. सगळ्यांत जास्त धास्तावल्या होत्या चतुराबाई. गल्लीतलं देवीचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं. कुणाच्या अंगात खरं येतं, कुणाच्या खोटं, कुणाच्या माळेत फूल शिळं आहे, ह्याचा निवाडा त्याच करायच्या. त्या मालनबाईंकडे सूप मागायला आल्या. सूप कोठीच्या खोलीत. त्या आत गेल्या, आणि आतून अशी आरोळी आली की सुभेदार ताडपत्री टाकून पळत आले.

चतुराबाई जमिनीवर लोटांगण घालून पडल्या होत्या. "अगं माझे आई! कुणाकडं आली न्हाई अन् इथं अंधारात येऊन बसली! मालन, तू बोलली बी न्हाई गं!"

बघता बघता गल्ली जमली. बायांनी पोरांना बाहेर पायताणं काढायला लावली. एवढं धान, माती नाही, मडकं नाही, आणि असं तरारलेलं! देवी आपल्या पायानं कोठीत येऊन बसली, ह्यात कुणाला शंका राहिली नाही. सगळे सुभेदारांकडे बघायला लागले.

आता खरं सांगायची वेळ होती. सुभेदारांनी तोंड उघडलंही. पण समोर दारूबंदी समितीचे मेंबर भिवा आणि कारभारी हे दोघे हात जोडून उभे होते. त्यांना काय सांगायचं? ही देवी नाही, अध्यक्षांची बियर आहे म्हणून? सुभेदारांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि बायकोकडे बघितलं. ही तरी काहीतरी निभावून नेईल, असं त्यांना वाटलं.

मालनबाईंनी निभावून नेलं. त्या देवघरात गेल्या, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी त्या ज्वारीला कुंकू वाहिलं.

लोक पांगल्यावर सुभेदार दबक्या आवाजात ओरडले, "अगं, तुला ठावं होतं ना ते काय हाय? मंग काहून कुंकू लावलं?"

"मंग तुम्हीच सांगा जाऊन चतुराबाईला काय हाय ते," मालनबाई म्हणाल्या आणि चूल फुंकायला लागल्या.

पुढचे दिवस सुभेदारांचे असे गेले की शत्रूचेही जाऊ नयेत. कोठीत समई लागली. रोज माळ चढायला लागली. बाया पाळीपाळीनं बसून गाणी म्हणायला लागल्या, आणि हे सगळं चालू असताना कोंब वाढत होते. बाकी सगळ्यांना ती देवीची कृपा दिसायची. सुभेदारांना दाण्यातली गोडी संपताना दिसायची. पाचव्या माळेला त्यांना राहवलं नाही. ते चतुराबाईंना म्हणाले, "देवीला जरा उन्हात न्यावं का? अंधारात कोंदटल्यासारखं होत असंल."

"सुभेदार, घट हलवतेत का कुठं?" चतुराबाई कडाडल्या. "मिलिटरीत राहून राहून सारा धरम विसरलात तुम्ही."

सातव्या माळेला त्यांनी एक मूठभर तरी काढून घ्यावी म्हणून हात घातला, तर चतुराबाईंना वाटलं त्यांना प्रसाद हवा आहे. त्यांनी सुभेदारांच्या हातावर खडीसाखर ठेवली. शेजारच्या खेड्यांतून माणसं दर्शनाला यायला लागली. सुभेदारांना लोक वाकून नमस्कार करायला लागले, आणि खरं सांगायचं तर तेवढं त्यांना आवडायला लागलं. दोन-चार जणांना त्यांनी स्वप्नात साक्षात्कार झाल्याचंही सांगून टाकलं. मच्छिंद्र मात्र मुक्कामाला आला की त्या वाढत्या ज्वारीकडे बघायचा आणि घाम पुसायचा. साहेबांना बाजारची एखादी बाटली मिळते का, म्हणून त्यानं जालन्यात खटपट केली, पण परवान्याशिवाय कुणी दाद दिली नाही.

दसरा उजाडला. कोंबांचं वीतभर गवत झालं होतं. बियरची आशा सुभेदारांनी कधीच सोडली होती. साहेब गणपतीचं दर्शन घेऊन परस्पर जातील, अशी एक आशा उरली होती. तीही दुपारी जीपचा हॉर्न वाजला तेव्हा गेली.

साहेब उतरले, हात चोळत आत आले आणि सुभेदारांच्या कानाशी लागून म्हणाले, "मग? गार आहे ना?"

अंगणात पन्नासेक माणूस होतं. सुभेदार मोठ्यानं ओरडले, "साहेब देवीच्या दर्शनाला आले! वाट द्या!"

साहेबांना वाटलं, ही पडद्याआड न्यायची युक्ती असावी. ते खुशीत बूट काढून कोठीत गेले. तिथं त्यांच्या कपाळावर हळदीकुंकू पडलं, हातात नारळ आला, आणि चतुराबाईंनी देवीचं धान उपटून त्यांच्या कानावर खोवलं. बाकीच्या पुरुषांच्या टोप्यांत ते आधीच खोवलेलं होतं. साहेबांनी कसनुसं हसत कानावरचा कोंब काढून बघितला आणि त्यांचं हसू मावळलं. माणूस हुशार होता. उभा जन्म बियाण्यात घालवलेला. बुडाशी ती जांभळी कड त्याला झोपेतसुद्धा ओळखू आली असती. कारखान्याचं मूळ बियाणं, आतल्या गोदामातलं, कुलपातलं, अख्ख्या गावाच्या टोप्यांत डोलत होतं.

"हे बी कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"देवीचं. दुसऱ्या कुणाचं असणार?" चतुराबाई म्हणाल्या.

"मी सुभेदारांना विचारतोय."

दारापाशी उषा उंबरठ्याला टेकून उभी होती आणि तिच्या मागं मच्छिंद्र. सुभेदारांना दोघंही दिसत होते. मीच आणवलं, असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण आठ दिवस वाकून नमस्कार घेतलेला माणूस होता तो. भिवा आणि कारभारी बघत होते.

"देवीचंच, साहेब."

"देवीनं आणलं कुठून?"

"आता..." सुभेदारांनी घसा साफ केला. "कोठीत काय येतं काय जातं, ते जावईबापू बघतेत, साहेब. मला त्यातलं काही ठावं न्हाई."

मच्छिंद्राच्या तोंडावरचा रंग उडाला. उषानं बापाकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"मच्छिंद्र," साहेब थंडपणे म्हणाले, "उद्या ऑफिसात भेट."

ह्याचा अर्थ काय, ते न कळण्याइतकं तिथं कुणी लहान नव्हतं. साहेब बुटांकडे वळले. तेवढ्यात मालनबाईंनी हातातलं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं.

"उद्या काहून, साहेब? आज सांगते की मी. हे तुमच्या कारखान्याचं बी हाय. आमच्या मालकानं पोराला आणायला लावलं. अन् आणलं ते तुमच्यासाठी. तुम्हाला पाहिजे होती म्हणत होते ती, काय तिचं नाव, बियर. ती करायला भिजवलं. तुम्ही तिच्यासाठीच आले ना आज?"

चतुराबाईंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "मालन! देवीपुढं असं वंगाळ बोलू न्हाई गं!" भिवा साहेबांकडे बघायला लागला. कारभारी साहेबांकडे बघायला लागला. दारूबंदी समिती साहेबांकडे बघायला लागली. साहेबांच्या कपाळावर कुंकू, हातात नारळ, आणि पाठीमागं बाहेर कारखान्याची जीप उभी. बी आपलं आहे असं म्हटलं, की ते भिजवलं कशाला आणि कुणासाठी, हा प्रश्न आलाच. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली.

"काहीतरीच काय, ताई! हे आमचं बी नाहीच."

"न्हाई?"

"छे. आमच्या बियाण्याला जांभळी कड असते खरी, पण ती... ती जरा वेगळी."

"बघा हं साहेब, देवीपुढं उभे हायेत तुम्ही."

"नाही म्हणतो ना! बिलकुल नाही."

"अन् तुम्ही ते प्यायला बी आल्ते न्हाई?"

"मी? मी तर दर्शनाला आलोय!"

"मंग माझंच चुकलं," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग ह्या पोराचा काही गुन्हा न्हाई."

"काही नाही."

"मंग उद्या त्याला हापिसात काहून बोलावलं, साहेब?"

पन्नास माणसं उत्तराची वाट बघत होती. साहेबांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. त्यांनी मच्छिंद्राकडे बघितलं, हातातल्या कोंबाकडे बघितलं आणि तो परत कानावर खोवला.

"ते," साहेब म्हणाले, "परमनंटच्या कागदावर सही लागते त्याची."

बायांनी देवीचा उदो उदो केला. अंगणातल्या लोकांना आत आधी काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण साहेबाच्या तोंडून परमनंट हा शब्द निघाला हे सगळ्यांनी ऐकलं. चतुराबाईंनी तिथल्या तिथं निवाडा दिला, की देवीनं मालनच्या तोंडून साहेबाची परीक्षा घेतली. बियरचा विषय त्यातच बुडाला. भिवानं सुभेदारांच्या पाया पडून घेतलं. साहेबांनी बूट घालताना घाईत डावा-उजवा उलटा घातला आणि तसेच जीपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. उषानं आपट्याची पानं आणली, आईला दिली, नवऱ्याला दिली. मग ती सुभेदारांपुढं येऊन उभी राहिली. ते ओसरीवर बसले होते आणि दुपारपासून त्यांच्याशी घरात कुणी बोललं नव्हतं. मालनबाई आत पुरण वाटत होत्या. बायको रागावली असती, भांडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता आलं असतं. पण ती नेहमीसारखी कामाला लागली होती, आणि आपण आजवर हिच्या गप्प बसण्याला कबुली समजत आलो, हे त्यांना आता कुठं कळत होतं. लाज वाटत होती. लेकीच्या नजरेची तर भीतीच वाटत होती.

"उषे, चुकलो मी," ते म्हणाले. घरात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता.

उषानं त्यांच्या तळहातावर पानं ठेवली.

"चुकले न्हाईत, आबा," ती म्हणाली. "भ्याले तुम्ही."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागाचं काही असतं तर सुभेदारांनी मिलिटरीचं काहीतरी काढून वेळ मारून नेली असती. त्यांनी मिशीकडे हात नेला, पण पीळ दिला नाही. उषा नमस्काराला वाकायला लागली.

"राहू दे, पोटुशी हायेस, वाकू नको," ते म्हणाले.

ती तरी वाकली, रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाया पडली, आणि उठून आत आईला पुरण वाटू लागायला गेली.